कॉइल, तू चढावर सापडतेस

प्रिय इग्निशन कॉइल,



तुझ्याबद्दलचं सगळं बोलणं गॅरेजच्या दारात, तुझ्या पाठीमागे चालतं, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितोय. पावसाळा लागला की कल्याण-शीळ रस्त्यावर, घोडबंदरला, माजिवड्याच्या पुलावर गाड्या झटके मारायला लागतात. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकतो. गाडीवाला जवळचं गॅरेज गाठतो. मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधी नुसता कान देतो आणि म्हणतो, "मिसिंग मारतेय. तीनवर चाललीय. कॉइल गेली." पुढचं वाक्यही ठरलेलं: "एक कशाला साहेब, चारही टाकून घ्या, निवांत व्हाल."

त्या कानाला मी मानतो. इंजिन चारातल्या तीनच सिलिंडरवर चाललंय हे ओळखायला त्याला यंत्र लागत नाही. पण 'मिसिंग आहे' पासून 'कॉइल गेली' पर्यंत तो ज्या उडीने पोचतो, तिथे माझी हरकत आहे. मधली पायरी तपासणीची. ती गाळली जाते आणि गाडीवाल्याच्या पैशाने 'बदलून बघू' सुरू होतं. यात आळस थोडा असेल, पण खरं कारण निराळं आहे: तुझी नीट तपासणी किचकट आहे, आणि जी सोपी आहे ती बहुतेक वेळा खोटं बोलते.

वाचकांसाठी आधी तुझी ओळख करून देतो. लोखंडी पातळ पत्र्यांचा एक गाभा, त्यावर जाड तांब्याच्या तारेचे शे-दोनशे वेढे आणि केसाहून बारीक तारेचे त्याच्या शंभरेक पट. बॅटरीचे १२ व्होल्ट जाड वेढ्यांत सोडले की करंट हळूहळू चढतो. तीनएक मिलिसेकंदांत तो काही अँपिअरपर्यंत जातो आणि नेमक्या क्षणी एकदम तोडला जातो. साठलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं. जाड वेढ्यांतच तीन-चारशे व्होल्ट उसळतात, आणि बारीक वेढ्यांत वीस-तीस हजारांच्या पुढे. तीच प्लगच्या टोकावरची ठिणगी. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरला मिनिटाला १,००० ठिणग्या लागतात. डोंबिवलीहून ठाण्याला तासभर त्या वेगाने गेलो, तर तुमच्यापैकी प्रत्येकीने ६०,००० वेळा हे केलेलं असतं. हा तासाचा हिशोब डोंबिवलीकराला आशावादी वाटेल, पण शीळ फाट्यावर खोळंबून ८०० फेऱ्यांवर गुरगुरत उभं राहिलं तरी तासाला २४,००० चुकत नाहीत.

तुझं घराणं मोटारीहून जुनं आहे. फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतप्रवर्तन दाखवलं, १८३६ मध्ये आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन नावाच्या धर्मगुरूने पहिली इंडक्शन कॉइल बनवली, आणि १८५१ मध्ये पॅरिसच्या हाइनरिश रुमकोर्फने तिला बाजारात आणण्याजोगं रूप दिलं. पण जोडणी तोडताना तिथेच ठिणगी उडून तिची ताकद वाया जायची, ते थांबवायला तुटणाऱ्या टोकांवर कंडेन्सर लावण्याची युक्ती भौतिकशास्त्रज्ञ फिझोने सुचवली १८५३ मध्ये. म्हणजे १६ एप्रिलला बोरीबंदरची आगगाडी पहिल्यांदा ठाण्याला पोचली, त्याच वर्षी. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) अशी सांगड घालून तुला मोटारीत कायमचं बसवलं.

फिझोचा तो कंडेन्सर आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरवर शेवटपर्यंत होता. एकच कॉइल, तेल भरलेला उभा डबा, आणि चारही सिलिंडरना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी काळ्यापिवळ्या रंगाच्या आठवणी काढल्या. तुझी कोणी काढली नाही. त्या काळचे चालक तुला चांगलं ओळखून होते. इंजिन बंद करून चावी 'ऑन' ठेवू नये, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. इंजिन थांबताना पॉइंट नेमके मिटलेले राहिले की करंट न थांबता तुझ्यातून वाहत राहतो आणि तू तापून जळतेस. कंडेन्सर गेला की पॉइंट जळायचे, ठिणगी मलूल पडायची, आणि नाव तुझंच यायचं. दुसऱ्याच्या पापाची फळं तू तेव्हापासून भोगतेयस.

मोटारींशी आमच्या भागाचा संबंध नुसता चालवण्यापुरता नाही. प्रीमियरचा एक कारखाना इथेच, कल्याण-शीळ रस्त्याला होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्युजोबरोबर भागीदारी करून प्युजो ३०९ इथे बनायची. भागीदार काही वर्षांतच निघून गेला, गाड्या थांबल्या, आणि त्या रस्त्याला आता दुतर्फा टॉवर उभे राहतात. त्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही, पॉइंट नाहीत, बहुतेकींत जाड प्लग वायरही नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल, पेन्सिलीसारखी लांबट, थेट इंजिनाच्या उष्णतेत खोचलेली. पूर्वी तू निदान बाजूला वाऱ्यावर होतीस.

आता तपासणी.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी पद्धत अशी: प्लग बाहेर काढायचा, कॉइलला जोडायचा, धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. निळी ठिणगी दिसली की "करंट आहे, कॉइल ओके." गाडीवालाही खूश, कारण डोळ्यांनी पाहिलं. पण भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्येच दाखवून दिलं होतं की फट ओलांडायला किती व्होल्ट लागतात हे फटीच्या रुंदीइतकंच तिथल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतं. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट तीन-चार हजार व्होल्टमध्ये ओलांडता येते. सिलिंडरच्या आत हवा दाबून कित्येक पट घट्ट झालेली असते. तिथे त्याच फटीला पंधरा-वीस हजार व्होल्टही लागू शकतात. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद गमावलेली कॉइलही इंजिनाबाहेर झकास ठिणगी पाडून दाखवते. शिवाय प्लग नीट टेकला नाही तर ती वीज मार्ग शोधत तुझ्याच आवरणातून, नाहीतर कंट्रोलरच्या ट्रान्झिस्टरमधून किंवा मेकॅनिकच्या हातातून जाते. आजच्या गाड्यांत ही पद्धत वापरू नये. ठिणगी पाहायचीच असेल तर मोठी ठरावीक फट असलेला स्पार्क टेस्टर मिळतो, तो चांगल्या कॉइलला पुरेसं कष्टवतो. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने मात्र चालू इंजिनावर वाकून यातलं काहीच करू नये.

दुसरी पद्धत मल्टिमीटरची. ही शास्त्रीय दिसते म्हणून जास्त फसवते. जाड वेढ्यांचा रोध साधारण अर्धा ते दोन ओहम, बारीक वेढ्यांचा पाच ते पंधरा हजार ओहम, प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. पण स्वस्त मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध पाव-अर्धा ओहम असतो. टोकं एकमेकांना टेकवून तो आधी वजा केला नाही, तर ०.५ ची कॉइल ०.९ दाखवते आणि फुकट बाद होते. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. ३० अंशाला ०.५० असलेली कॉइल १०० अंशाला ०.६४ च्या आसपास जाते. तो बिघाड नव्हे, तांब्याचा स्वभाव आहे.

त्याहून मोठी अडचण म्हणजे मीटर तुला तपासतो एखाद-दोन व्होल्टवर, आणि तू काम करतेस हजारोंवर. वेढ्यांवरच्या वार्निशला तडा गेलाय, आवरणाच्या इपॉक्सीला केसाएवढी चीर पडलीय, हे इतक्या कमी व्होल्टला कळतच नाही. तार पूर्ण तुटली असेल तर मीटर सांगेल, बरीच आपसांत चिकटली असेल तर कदाचित सांगेल. बाकी मीटर लावून तुला पास करणं म्हणजे आखाड्यात न उतरवता नुसतं वजन करून पैलवान निवडणं. आणि ज्या कॉइलना तीन-चार पिना असतात त्यांच्या पोटात ट्रान्झिस्टरचं सर्किट असतं. तिथे पिनांमधला रोध मोजून काहीच निष्पन्न होत नाही. अनेकींच्या बारीक वेढ्यांना डायोड जोडलेला असतो, तिथे मीटर 'ओपन' दाखवतो आणि धडधाकट कॉइल भंगारात जाते. अशा ठिकाणी मीटरचा खरा उपयोग कपलरवर: १२ व्होल्ट येतायत का, अर्थिंग नीट आहे का. निम्म्या वेळा रोग तिथेच, हिरव्या पडलेल्या पिनेत सापडतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारे ओबीडी स्कॅनर आता गल्लोगल्ली आहेत, मोबाइलला जोडणारे तर हजार-दोन हजारांतही मिळतात. पी ०३०२ असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, एवढंच तो म्हणतो. कॉम्प्युटरने तुला पाहिलेलं नसतं. दुसऱ्या सिलिंडरची पाळी आली तेव्हा क्रँक जरा मंदावला, एवढंच त्याला सेन्सरवरून कळलेलं असतं. कारण प्लग असेल, तू असशील, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन असेल. पी ०३५२ आला तर संशय तुझ्या सर्किटवर जातो, पण त्यात वायरिंगही आलं. स्कॅनरवरचा आकडा दाखवून "बघा, कॉम्प्युटरच सांगतोय कॉइल" म्हणणाऱ्याने कॉम्प्युटरच्या तोंडी आपलं वाक्य घातलेलं असतं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? अदलाबदलीवर. पैसे लागत नाहीत, एक-दोन पाने पुरतात. चावी बंद, इंजिन हाताला सोसेल इतपत निवलेलं. संशयित दुसरी कॉइल उपटून तिसऱ्यावर, तिसरी दुसऱ्यावर, प्लग जिथल्या तिथे. ओढण्याआधी जरा पिळून सैल करायची, नाहीतर रबरी बूट फाटतो आणि नसलेला बिघाड पैदा होतो. कोड पुसायचे, गाडी चालवायची. पी ०३०२ चा पी ०३०३ झाला तर मिसिंग तुझ्याबरोबर चालत गेलं, तू दोषी. कोड दुसऱ्यावरच बसून राहिला तर तुझी सुटका, मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असलेल्या जुन्या रचनेत आणखी सोपं: जोडीतली दोन्ही सिलिंडरं एकदम गेली तर संशय तुझ्यावर, एकच गेलं तर आधी वायर आणि प्लग.

पण 'गाडी चालवायची' म्हणजे गॅरेजच्या गल्लीत चक्कर नव्हे. बिघडू लागलेली कॉइल सकाळी, थंड असताना शहाण्यासारखी वागते. अर्ध्या तासाने तापली की आतली चीर उघडते, तुटू आलेलं टोक सुटतं, ट्रान्झिस्टर दगा देतो. रात्रभर गॅरेजात उभी राहिलेली गाडी सकाळी तपासून "काही प्रॉब्लेम नाही" म्हणणं म्हणूनच फोल. शिवाय बिनभाराच्या इंजिनात हवा कमी शिरते, दाब कमी राहतो, ठिणगीला कष्ट पडत नाहीत. तुला पकडायचं तर गाडी गरम हवी, एसी चालू हवा आणि समोर चढ हवा. आम्हाला त्यासाठी लांब जावं लागत नाही. शीळ फाट्यावरून मुंब्रा बायपास धरायचा. डोंगराच्या कडेने चढत जाणारा रस्ता, पुढे भरलेला ट्रेलर, वेग कमी, गिअर तिसरा, ॲक्सिलरेटर दाबलेला. इंजिन भरपूर हवा ओढतंय, सिलिंडरमधला दाब वाढलाय, प्लग जास्तीत जास्त व्होल्ट मागतोय. तू खचलेली असशील तर इथे कबूल करतेस. घोडबंदरच्या लोकांना गायमुखचा घाट आहे, खड्ड्यांसकट. गाडी खड्ड्याने उडाली की मिसिंग मारतेय एवढं मात्र तिथे ओळखता आलं पाहिजे. दिवा नुसता पेटलेला असेल तर परत येता येतं. सतत लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय असं समजून प्रयोग थांबवावा, कारण तो गेला तर त्याच्या किमतीपुढे चार कॉइल स्वस्त वाटतील.

ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप आणि करंट क्लॅम्प आहे, त्याला याहून सरळ वाट आहे. जाड वेढ्यांतला करंट पडद्यावर तिरक्या रेषेत चढताना दिसायला हवा. रेषा सुरुवातीलाच उभी उसळली तर वेढे आपसांत चिकटलेत. वाद संपला. ठाणे-कल्याणच्या किती गॅरेजांत हे यंत्र वापरलं जातं ते मी विचारत नाही.

तू मरतेस कशाने, हाही तपासणीचाच भाग आहे. तुला मारणारा पहिला आरोपी झिजलेला प्लग. वापराने त्याची टोकं खाल्ली जातात, फट रुंदावते, तू जास्त व्होल्ट काढत राहतेस, आणि एक दिवस विजेला प्लगची फट ओलांडण्यापेक्षा तुझं आवरण फोडणं सोपं पडतं. प्लग जुने ठेवून नवी कॉइल टाकणारा तिचंही मरण ठरवून ठेवतो. चारही काही बदलायचंच असेल तर प्लग बदला, वेळेवर, पुस्तकात दिलेल्या नंबरचेच.

आमच्याकडे यात सीएनजीची भर पडते. ठाणे जिल्ह्यात महानगर गॅसच्या पंपावर रांगा लावणाऱ्या गाड्या बघितल्या की समजतं, इथला निम्मा संसार गॅसवर चालतो. गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून सीएनजी गाड्यांना बऱ्याचदा कमी फटीचे प्लग सांगितलेले असतात. बाहेरून किट बसवताना तेवढं कुणी बघत नाही. यातून एक फुकटची चाचणी मात्र मिळते. चढावर गॅसवर मिसिंग आलं की बटण दाबून पेट्रोलवर घ्यायचं. तिथे सुरळीत झाली तर एकतर प्लग आणि कॉइल थकलेत, किंवा दोष गॅसच्या फिल्टर-इंजेक्टरकडे आहे. अदलाबदलीने लगेच निकाल लागतो. दोन्हींवर सारखीच अडखळत असेल तर गॅसकिटला शिव्या देऊ नयेत.

मग तेल आणि पाणी. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की तेल प्लगच्या विहिरीत झिरपतं, तुझा रबरी बूट फुगून मऊ पडतो, वीज बाजूने उतरते. कॉइल उपटल्यावर टोक तेलकट लागलं तर आधी पॅकिंग, मग बाकीचं. पाणी आमच्याकडे वरून येतं आणि वॉशिंग सेंटरवाल्याच्या प्रेशर गनमधूनही. इंजिन चकाचक धुऊन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी तीनवर आली, ही गोष्ट मी इतक्यांकडून ऐकलीय की 'इंजिन वॉश' हा शब्द दिसला की मला तुझी कणव येते. अशा वेळी कॉइल काढून विहीर हवेने कोरडी करायची, बूट पुसून बघायचा. त्यावर झाडाच्या फांदीसारखी काळसर रेघ उमटली असेल तर विजेने आपली वाट कोरून ठेवलीय. ती पुसून जात नाही. अनेक कॉइलना बूट वेगळा मिळतो, तेवढाच बदलला तरी चालतं, हे काउंटरवर विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

"चारही टाका" हा सल्ला मी नेहमी धुडकावत नाही. काही इंजिनांत तुझ्यापर्यंत पोचायला मॅनिफोल्ड उतरवावं लागतं, मजुरी कॉइलच्या किमतीला टेकते. दीड लाख किलोमीटर एकत्र झिजलेल्या चौघींपैकी दोघी सहा महिन्यांत गेल्या असतील, तर उरलेल्या दोघींसाठी पुन्हा पैसे मोजणं शहाणपणाचं नाही. पण बॉनेट उघडताच दोन बोल्टांत हाती येणाऱ्या कॉइलसाठी हा सल्ला देणाऱ्याला मी एवढंच विचारतो: गेलेली कोणती, आणि ती कशावरून ठरवली? उत्तर आलं तर मी चौघींचे पैसे द्यायलाही तयार आहे. बहुधा आधी चहा येतो.

खोक्यावर कंपनीचं नाव आणि आत भलतंच, असा लोकल माल आपल्या पट्ट्यात कमी नाही. नवी टाकलेली कॉइल महिन्यात मिसिंग मारू लागली तर तिचीही तशीच अदलाबदल करावी. नवी आहे म्हणून तिला सूट नको.

आणि चारही बदलायची वेळ आलीच, तर उतरवलेल्या चौघी गॅरेजात सोडायच्या नाहीत. पैसे आपण मोजलेत, माल आपला. त्यांतली अदलाबदलीत पास झालेली एक कागदात गुंडाळून, वर गाडीचं नाव आणि तारीख घालून डिकीत टाकायची. पुढच्या वेळी शीळ फाट्यावर दिवा लुकलुकला की तीच तपासणीचं यंत्र, आणि तीच घरापर्यंतची सोय.

कळावे,
डोंबिवली पूर्वेचा एक गाडीवाला